सोप्या गणिताचा वर्ग

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. मुख्याध्यापक झाल्यापासून तू घरातही घंटा वाजवतोस, असं वहिनी लिहिते. खरं का?

इथली बातमी किळसवाणी आहे. पुढच्या वर्षीचे विषय आखायच्या समितीवर मला घेतलं. वाटलं, गणिताची बाई म्हणून मत विचारतील. विचारलं एवढंच, की नववीतली कच्ची मुलं कोणती? त्यांना दहावीला सरसकट ‘सोपं गणित’ द्यायचं, म्हणजे शाळेचा निकाल चकाचक. ते घेतलं की पुढे विज्ञान बंद, तंत्रशाळा बंद. पण हे पालकांना सांगू नका, उगाच घाबरतात, असं हेडसर चहात बिस्किट बुडवत म्हणाले. सगळे हसले. मी कप तसाच खाली ठेवला.

कागदावर माझी सही हवी आहे. काय करू, कळव. चिऊला आठवण सांग आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी ठमी

११ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ. इतकी तापू नकोस, पित्त वाढेल. आमच्या शाळेत हे मागच्या वर्षीच सुरू केलं. निकाल पाहून वरचे साहेब पाठ थोपटून गेले. पोरांना नापास होण्यापासून वाचवतोय असं समज आणि सही करून मोकळी हो. बढतीच्या तोंडावर वाकड्यात शिरू नये.

चिऊची काळजी नको. नववीच्या सहामाहीत तिचेही गुण काठाखालीच आले, पण तिला मी पूर्ण गणितातच ठेवलंय. पोटची पोर म्हटल्यावर एवढं बघावंच लागतं. लोभ तर आहेच, जरा शहाणपणही असू दे.
तुझा दादा

२४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून मी हात धुतले. खरंच. हेडसरांची किळस आली तेव्हा निदान माणूस परका होता. मला अपूर्णांक येईनात म्हणून भरल्या ताटावरून उठून शिकवायला बसणारा दादा तो हाच का?

सही केली नाही. पालकसभेत उभी राहिले आणि कुठली दारं बंद होतात ते सरळ सांगून टाकलं. एका ट्रकड्रायव्हर बापाने हेडसरांना विचारलं, की माझ्या पोरीचं पुढे काय होणार ते तुम्ही परस्पर कसं ठरवलंत? हेडसर घाम पुसत बसले. बेत बारगळला. मला समितीवरून काढलं, बढतीचं नाव आता कोणी काढत नाही.

वहिनीला नमस्कार. तुला आज नुसती सही.
ठमी

२ एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ. तुझं पत्र टेबलावर राहिलं, ते चिऊने वाचलं. बाकावरच्या मैत्रिणीला आपल्याहून जास्त गुण असताना ती सोप्या गणितात का, असं जेवताना विचारू लागली. मी म्हणालो, आधी जेव. ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या कारकुनाकडे जाऊन स्वतःचं नाव सोप्या गणितात घालून आली. म्हणते, गुणांवरच ठरतं ना, मग माझाही वर्ग तोच.

तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही. चिऊ तुझं ऐकते. राग बाजूला ठेव आणि तिला समजाव.
दादा

९ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि. चिऊला मी समजावणार नाही. त्या मैत्रिणीला आणि ढकललेल्या सगळ्यांना पूर्ण गणितात परत घे, चिऊ आपोआप येईल. शिकवायला माणूस कमी पडला तर सुट्टीत मी येते, मोकळीच आहे.

पण आधी पोरांना परत घे, मग मला बोलाव. तोवर तुझ्या घरचं पाणीसुद्धा माझ्या घशाखाली उतरायचं नाही.
ठमी