न वाकणारी पट्टी

१२ जानेवारी, सोमवार

फर्नेस सुरू! आत सहा पट्ट्या. निकेल आणि टायटॅनियमची पावडर मिसळून, दाबून केलेल्या, बोटाएवढ्या. आता हजार डिग्रीला तापतील, पण वितळणार नाहीत. हेच मला वेड लावतं. वितळायचं नाही, नुसतं कणाने कणाला चिकटून बसायचं — आणि हळूहळू एक होऊन जायचं. छोट्या काचेतून नारिंगी उजेड दिसतो. अर्धा तास नुसती बघत बसले. आमची प्रोफेसर ऑर्ला मागून म्हणाली, "पूर्वा, तो टीव्ही नाहीये."

१३ जानेवारी

बाबा भोसरीहून महिन्याअखेरपर्यंत माझ्याकडे राहायला आलेत. जेवताना त्यांना समजावलं. थंड असली की ही पट्टी मऊ, हवी तशी वाकवा. गरम केली की आपोआप सरळ! तिला तिचा आकार आठवतो. बाबांनी भोसरीतल्या कारखान्यात तीस वर्षं पावडर दाबूनच मशीनचे बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणारी कडी, केले. म्हणाले, "आमचे बुश बरे. त्यांना काही आठवायचं नाही, आणि आम्हाला घरी जाता यायचं."

मग मी एकटीच स्वप्न बघत बसले. कुणाच्या तरी आखडलेल्या नसेत माझ्या या धातूची इवलीशी नळी, मिटून आत गेलेली — आणि अंगाच्या उबेने उमलते.

१६ जानेवारी, शुक्रवार

गेलं सगळं.

पट्टी वाकतच नाही! वाकवली की टण्णकन उसळून परत येते. एकीवर जास्त जोर लावला — कडाड्, दोन तुकडे. आता गरम पाण्यात टाकून बघणार काय? मुळात वाकलीच नाही, तर सरळ कशी होणार! कुठल्या तापमानाला बदलते ते बघायला मशीनवर स्कॅनही केला, वीस डिग्रीपासून शंभरपर्यंत. सपाट रेघ. हिला काही आठवतच नाही.

ऑर्ला म्हणाली, "ग्रँड, ग्रँड, होतं असं." इथले आयरिश लोक बोट बुडत असली तरी ग्रँडच, म्हणजे मस्तच, म्हणतात. मग हळूच — २६ला ठरवू, पावडरचं काम चालू ठेवायचं की बंद. बंद म्हणजे माझं कॉन्ट्रॅक्टही बंद.

१७ जानेवारी

एक पट्टी कोटाच्या खिशात राहिली होती. कचऱ्यात टाकली. बाबांनी लगेच उचलली. "रिजेक्ट माल म्हणजे कचरा नव्हे गं. कशाला ना कशाला लागतो."

मी ओरडलेच — "बाबा, प्लीज! यापुढे त्या पट्टीचा विषयच काढू नका!"

त्यांनी चहा करून दिला. मी सॉरी म्हटलं नाही.

२१ जानेवारी, बुधवार

सकाळी सगळं लेटरकेनी गाव पांढरंशुभ्र. टेकड्या, शेजाऱ्यांचं कुंपण, माझी गाडी. सगळं जागच्या जागी, पण श्वास रोखून. गेला आठवडा रोज असंच. बाबा माझ्याआधी खाली जातात, काचेवरचा बर्फ खरवडतात, हीटर लावून आत बसतात. मी केस वाळवून उतरेपर्यंत गाडी उबदार, खोबरेल तेलाच्या वासाची. ३१ला ते परत गेले की हा वासही जाणार.

स्वप्न पडलं — मीच पावडर आहे. कुणीतरी सगळ्या बाजूंनी हळूहळू दाबतंय. आणि दुखत नाहीये! उठावंसंच वाटेना.

२४ जानेवारी

बाबांच्या फ्लाइटला अजून सीट आहे. ऑर्लाला मेल लिहून ठेवला — काम सोडतेय. उद्या पाठवीन.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी दूध आणायला जायचं म्हणून बाबांच्या पाठोपाठच उतरले. उणे चार. ते काच खरवडत होते — माझ्या पट्टीने! आणि पट्टी वाकलेली. चांगली धनुष्यासारखी.

"बाबा! ही वाकली?"

दचकले. पाठीमागे लपवायला लागले. "तू विषय काढू नको म्हणाली होतीस..."

"कधी वाकली?"

"रोजच वाकते की. बर्फात मऊ पडते. मग हीटरपुढे धरतो. तू खाली येईपर्यंत सरळ." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, अगदी हळू — "मला वाटलं तुला माहीत असेल. तूच केलीयस ना?"

वीसच्या खाली मी बघितलंच नव्हतं!

मेल डिलीट. उद्याचा स्कॅन उणे पन्नासपासून.