कागदाची खोली, अक्काची कडी

३ मार्च, सोमवार. सकाळी, चहानंतर.
सर्व खुशाल? जन्मभर पत्रं लिहिली, त्यामुळे रोजनिशीतही हात आधी खुशालीकडेच वळतो. विचारणारा मी आणि सांगणाराही मीच, पण रीत ती रीत. सौ.चा गुडघा? जिना चढताना कुरकुरतो, उतरताना ओरडतो. जावयाची कंबर? जड उचलायचं काम निघालं की धरते, एरवी उत्तम. शेजारच्या हरकतसाहेबांचं ब्लडप्रेशर? माझं काही चांगलं चाललं की वाढतं. (इन्स्पेक्टरच्या नोकरीतून निवृत्त झाले, पण हरकत घेण्यातून झाले नाहीत, म्हणून हे नाव.) वॉशिंग मशीन? गुरगुरतं, पण चालतं. मी स्वतः ठणठणीत. आणि अक्का? अक्काची तब्येत छान आहे, जागा नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेत हस्तकला शिकवली. कायम हॉस्टेल, क्वार्टर, कुणाची तरी अर्धी खोली. आता भाड्याची जागाही सुटतेय. माझ्याकडे ये म्हटलं, तर अट एकच घातली: आतून कडी लावता येईल अशी स्वतःची खोली. ती नसेल तर वृद्धनिवासात जाते म्हणाली. तिथे एका खोलीत चार खाटा, आणि कडी बाहेरून. त्यांना महिनाअखेर उत्तर हवंय. पितळी कडी तिने आधीच घेऊन ठेवलीय. आता कडीभोवती फक्त खोली बांधायची.

मी शब्द दिला. मागच्या पत्र्याच्या शेडला छप्पर आहे, खांब आहेत. राहिल्या भिंती. किरकोळ.

५ मार्च, बुधवार.
सापडलं! पेपरक्रीट. रद्दी भिजवायची, लगदा करायचा, सिमेंट मिसळायचं, साच्यात ओतायचं. वीट तयार. हलकी, स्वस्त, उन्हाळ्यात गार. व्हिडिओत एक बाई दोन विटा काखेत मारून हसत हसत चालते. पुढचा अर्धा व्हिडिओ पाहिला नाही. तत्त्व कळलं की तपशील आपोआप येतो. मी कुठलीच पदवी घेतली नाही, त्यामुळे सगळ्या शाखा मला मोकळ्या आहेत.

सौ.ला सांगितलं. म्हणाली, कागदाचं घर? अक्कांना घडी घालून ठेवणार का? दुर्लक्ष केलं.

संकल्प: रोज पहाटे काम सुरू.

६ मार्च, गुरुवार.
पहाट चुकली. दुपारी सुरू. रद्दी पिंपात भिजत घातली. हरकतसाहेब कुंपणावरून म्हणाले, पेपर वाचून झाले की लोक विकतात, तुम्ही सूप करताय. त्यांना ‘पर्यायी बांधकाम साहित्य’ हा शब्द ऐकवला. गप्प झाले. शब्द तयार ठेवावेत.

९ मार्च, रविवार.
काठीने लगदा होईना. वॉशिंग मशीनमध्ये केला. डोकं लागतं! झकास लगदा. मशीन धुवायचं राहिलं. जावई आला होता, त्याचा शर्ट सौ.ने त्यातच टाकला. शर्ट करडा झाला आणि खिशात हवामानाचा अंदाज निघाला. जावई भला माणूस, म्हणाला, असू दे बाबा, अंदाज बरोबर आहे. मग विटांचे साचे उचलायला बोलावलं, तर कंबर धरली.

सौ. माझ्याशी बोलत नाही. कामाला शांतता मिळाली.

१० मार्च, सोमवार.
पहिल्या विटा पाडल्या! ओळीने मांडल्या. एकीवर मांजर झोपलं आणि त्याचा अख्खा छाप उठला. ती वीट टाकीमागे सारली. दर्शनी भिंतीत असली नक्षी नको.

१२ मार्च, बुधवार. दुपारी.
विटा मऊ. बोट दाबलं तर आत जातं. ताकद पाहावी म्हणून एकीवर उभा राहिलो. चप्पल आत राहिली.

अक्काला फोन केला. ती बसमध्ये होती, मागे हॉर्नचा गोंधळ. विटा मऊ आहेत म्हटलं. म्हणाली, घाई करू नकोस रे, वाळू दे.

वा! हस्तकलेची बाई, पण बांधकामाचं अंग आहे तिला. माझ्या मिश्रणात वाळू नव्हतीच! आणि घाई नको, म्हणजे थोडी थोडी दे. लगेच सगळ्या विटा फोडल्या, पाणी घालून कालवल्या, वाळू दिली, पुन्हा साच्यात. एक चप्पलही गेली बहुतेक.

१७ मार्च, सोमवार.
अजून मऊ. शिवाय चिकट. अक्काला कळवलं. म्हणाली, इतक्यात हात लावलास होय? अरे, अजून वाळू दे.

फोडल्या. कालवल्या. अजून वाळू दिली. घमेलं उचलताना पाठीत चमक. हरकतसाहेब म्हणाले, भिंत बांधताय की समुद्रकिनारा? शब्द तयार नव्हता.

सौ. आता बोलते. गरम पाण्याची पिशवी देताना एकच वाक्य म्हणाली: आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही बहिणीचं ऐकताय, मी कशाला मधे पडू? हे कौतुक म्हणून नोंदवतो.

२२ मार्च, शनिवार.
वीट एकट्याने उचलेना. व्हिडिओतली बाई आठवली. तिची काख मजबूत असणार.

वीट पडली तर फुटत नाही, बसते. बसते म्हणजे खाली पसरते. अक्का फोनवर म्हणाली, कमाल आहे तुझी, इतके दिवस झाले तरी ओल्याच? उन्हात भरपूर वाळू दे.

उन्हात, भरपूर. बहिणीचा शब्द. भर दुपारी टोपी घालून कालवलं. चक्कर आली. सौ.ने सरबत दिलं आणि टोपी काढून घेतली.

२५ मार्च, मंगळवार.
पडून होतो. पडल्या पडल्या खिडकी कुठे ठेवायची ते ठरवलं. अक्काला सकाळचं ऊन आवडतं, पूर्वेला ठेवू. भिंत नसताना खिडकीची जागा ठरवता येणं हा नियोजनाचा कळस आहे.

२८ मार्च, शुक्रवार.
विटांवर छत्र्या उगवल्या. पांढऱ्या, नाजूक. हरकतसाहेबांनी फोटो काढला. वृद्धनिवासातून अक्काला पुन्हा विचारणा: खाट ठेवायची का? तिने मला विचारलं. खोली होतेय ना रे नक्की? मी म्हटलं, शंभर टक्के, भिंती अगदी जिवंत झाल्यात. तिने खाट सोडून दिली.

रात्री दोनदा उठून विटा पाहून आलो. सरबत फार झालं असावं.

३१ मार्च, सोमवार.
एक भिंत उभी केली. स्वतः! कमरेपर्यंत. चहाला आत गेलो, बाहेर आलो तर गुडघ्यापर्यंत. कप ठेवून परत आलो तर ओटा झाला होता. ओट्याचाही उपयोग असतो.

६ एप्रिल, रविवार.
अक्का आली. एक बॅग, एक छत्री, रुमालात गुंडाळलेली कडी. जावयाने बॅग उचलली, कंबर धरली नाही. अक्का म्हणाली, आधी खोली दाखव.

दाखवली. छप्पर होतं, खांब होते, पूर्वेला ऊन होतं. मधे करडा ढीग. अक्काने बोट खुपसलं, वास घेतला. एवढी वाळू कशाला रे यात? मी म्हटलं, तूच म्हणालीस! वाळू दे, अजून वाळू दे, उन्हात भरपूर वाळू दे!

अक्का म्हणाली, अरे गाढवा, वाळू दे म्हणजे वाळायला ठेव! सुकू दे! मुलांना लगद्याच्या वाट्या करायला शिकवायचे मी. लगद्याला हात लावायचा नसतो, नुसतं वाळू द्यायचं असतं.

मग ती हसायला लागली. हसता हसता टेकायला म्हणून विटेवर बसली. वीट हळूहळू खाली गेली, अक्काही गेली. तिला काढायला जावई, सौ. आणि कुंपण ओलांडून आलेले हरकतसाहेब, तिघे लागले.

हा दोष माझा नाही. बांधकामाच्या भाषेत असे शब्द असूच नयेत.

हसून झाल्यावर मात्र अक्काने कडी रुमालात परत गुंडाळली. उद्या त्यांना विचारते, खाट गेली नसेल तर, म्हणाली. मी ढिगातली माझी चप्पल उपसायला घेतली.

मग सौ.ने तिच्या हातातून कडी घेतली आणि सरळ माझ्या अभ्यासिकेकडे गेली. (ती तिला अडगळ म्हणते.) माझी टेबल-खुर्ची बाहेर आली, अक्काची बॅग आत गेली. हरकतसाहेबांनी घरून स्क्रूड्रायव्हर आणला. हरकत न घेता कडी बसवली. अक्का आत गेली, कडी लावली, काढली, पुन्हा लावली. मग बराच वेळ काढलीच नाही.

७ एप्रिल, सोमवार.
अभ्यासिका आता शेडमध्ये. भिंती नसल्यामुळे हवा उत्तम. पानं उडतात, म्हणून रोजनिशीवर वीट ठेवतो.

कोणती वीट? टाकीमागची, मांजराची! विसरलो होतो तिला. वाळू नाही, पुन्हा पाणी नाही, कुणी फोडली नाही. पिसासारखी हलकी, वाजवली तर टणटणीत. म्हणजे माझा फॉर्म्युला पहिल्या दिवसापासून बरोबर होता! नवा माल कालवला. एका हाताने वीट उचलून अक्काच्या दाराबाहेरून ओरडून सांगितलं. आतून आवाज आला, यापुढे काय विचारायचं ते लिहून विचार, तुझ्या कानांवर माझा भरवसा नाही. पटलं. लेखी कारभार चोख असतो.

१० एप्रिल, गुरुवार. सकाळी.
नव्या विटा मऊ आहेत. बोट आत जातं. चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवली: अक्का, काय करू? लेखी कळव.

चिठ्ठी परत आली. लाल शाई, शाळेतलं वळणदार अक्षर. दोनच शब्द: वाळू दे.

तीनदा वाचलं. उजेडात धरून वाचलं. उलट बाजू पाहिली.

दुसरी चिठ्ठी सरकवली आहे: ‘ती. अक्का, सा. न. तुझं अक्षर अजून मोत्यासारखं आहे. रात्री झोप लागली ना? कडी अडकत तर नाही? सौ.चा गुडघा बरा, जावयाची कंबर बरी, मी बरा. फक्त मागच्या चिठ्ठीतला अर्थ कोणता, तेवढा खुलासा हवा होता. घमेलं भरून दाराशी उभा आहे. लवकर लिही.’