पाटीवरची पहिली ओळ

४ जाने., रवि.
कॅम्प-१ च्या बॉक्सिंग हॉलची पाटी रंगवायचं काम मला दिलं. माझं शुद्धलेखन चांगलं म्हणून. बारावी सुटली, तेवढं राहिलं. पाटीवर हॉलचे आजवरचे श्रेष्ठ पाच बॉक्सर आणि शेजारच्या मैदानावरचे पाच बेसबॉल खेळाडू. बेसबॉलवाल्या पोरींनी पाच नावं कागदावर लिहून दिली आणि सरावाला गेल्या. बॉक्सिंगवाले तीन तास भांडले. आधी अमेरिकेतल्या हेवीवेटवरून, मग आपल्यांवरून. खालची चार नावं ठरली. पहिल्या नंबरवर बाबा की ढोककाका, यावर खुर्ची मोडली.

दोघंही स्टील प्लांटचे, एकाच डिपार्टमेंटचे, एकाच वजनाचे. आता रिटायर.
बाबा : फायनलमध्ये दुसऱ्या राउंडले झोपवलं याले. डावा हुक.
ढोककाका : सांग, पोराले अजून सांग.
काका कसंतरीच हसले.

६ जाने., मंगळ.
नावं तपासायला हॉलच्या सेक्रेटरींनी जुनं रजिस्टर दिलं. ती फायनल सापडली. बाबांचं नाव, पुढे ‘वॉकओव्हर. ढोक सेकंड शिफ्टला, गैरहजर.’ तीनदा वाचलं. म्हणजे हुक नाही. दुसरा राउंडही नाही. तो हुक बाबांनी मला उशीवर शिकवला होता.
डिपार्टमेंटचा ड्यूटी चार्ट तेव्हा बाबाच लिहायचे. स्वतःच अभिमानाने सांगतात, पट्टीशिवाय रेघ मारली नाही.

७ जाने.
जेवताना विचारलं. बाबांचा घास थांबला.
“चार्ट मीच लावत होतो. मंग? कोणाले तरी ड्यूटी करावीच लागते.”
मग म्हणाले, “कावून उकरून राहिला? कोणाच्या घरचं खाऊन राहिला तू?”
आई ताट घेऊन आत गेली.

९ जाने., शुक्र.
हुडको कॉलनीत ढोककाकांकडे गेलो. रजिस्टरचा फोटो पुढे केला. पाहिला नाही. त्या दिवशी डब्याच्या पिशवीत ग्लोव्हज घेऊन ड्यूटीवर गेले होते म्हणे, कोणी बदली देईल म्हणून. दिली नाही कोणी.
वाटलं, आता म्हणतील माझं नाव लिही. तर –
“लिव बापाचंच वर. खाली बारीक अक्षरात लिव, ड्यूटी चार्टनं विजयी. तुयं अक्षर चांगलं आहे म्हणतेत.”
दार लावून घेतलं. चहाचं विचारलंही नाही.

१० जाने., शनि.
बेसबॉलची पाच वाळली. बॉक्सिंगची खालची चार वाळली. वरची ओळ रिकामी. पेन्सिलने दोन्ही नावं मोजून पाहिली, दोन्ही बसतात. खोडली. उद्या दहाला पाटी लावायचा कार्यक्रम. रंग वाळायला दोन तास, म्हणजे आठला ब्रश लावलाच पाहिजे.
बाबांनी जुना ब्लेझर इस्त्री करून आणला. तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलले.
“सकाळी आठले हॉलवर तुयी ड्यूटी ना?”
हो म्हणालो.