नापासाचे पेढे

बाबा, आज एका पोरीशी मी खोटं बोलले आणि तेव्हापासून उगाच तुमच्यावर चिडून बसले आहे.

मॅट्रिकच्या निकालाला पेपरात माझा नंबर नव्हता, म्हणून मी कोणाला न सांगता सक्करदऱ्याच्या तलावावर जाऊन बसले होते. तुम्ही मिलमधून पाळी अर्धी टाकून मला शोधत आलात. "चाल, बस मांगं," एवढंच म्हणालात. वाटेत सायकल थांबवून पेढे घेतलेत आणि घरी येताच गल्लीत वाटायला निघालात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारची काकू दारातूनच विचारते, "पास झाली का वं?" मी मान हलवते, नाही. "मंग पेढे काहून वाटून राहिले, भाऊ?" तुम्ही म्हणता, "पोरगी घरी वापस आली ना. त्याचे." काकू हसली. मी सगळ्यांदेखत तुमच्यावर ओरडले, "अक्कल आहे का तुम्हाला?" तुम्ही उरलेला पुडा बांधून फळीवर ठेवलात. पुढं मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, दर वेळी तुम्ही आधी विचारायचात, "पेढे आणू का?"

वयात आलेल्या पोरांच्या मनाचा अभ्यास हाच पुढं माझा पेशा झाला. आईबापांसमोर भाषण असलं की तुमची गोष्ट हमखास सांगते, पण "एक मिल-कामगार होता" अशी. लोक टाळ्या वाजवतात. ती पोरगी मीच, हे आजवर तोंडातून निघालं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

आज सावनेरहून एक मुलगी आईसोबत माझ्याकडे आली होती, दहावी नापास. खाली बघतच म्हणाली, "मॅडम, तुम्ही कधी नापास झाल्या का?"

मी म्हणाले, "नाही."

"हो ना," म्हणाली आणि ओढणी सावरून उठली. तिच्या आईला बाजूला घेऊन मी सांगितलं, हिला एकटी सोडू नका. पण लाज वाटली हो, बाबा, फार वाटली.

उद्या पहिल्या एस.टी.नं तिच्या घरी जाते आहे. तिथं "माझे बाबा" म्हणेन की पुन्हा "एक मिल-कामगार", याचा मलाच भरवसा नाही.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून सांगते. त्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी फळीवरचा पुडा अर्धा झाला होता. "उंदीर लागले वाटते," तुम्ही आईला म्हणालात आणि पुडा तिथंच राहू दिलात. ते पेढे मी खाल्ले होते.