तिसरा पाहुणा

११ एप्रिल
आज बीदरला, मैलूर भागात, कामावर रुजू झालो. राजशेखर अण्णांचा लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ आहे. खाली दुकान, वर संगणकाची एसी खोली, तिच्यामागे माझी झोपायची खोली. खिडकीतून कडुलिंब दिसतो. स्वयंपाकाला अक्कम्मा आहेत. आईने आमच्या गावाहून, निर्ण्याहून, दिलेली शेंगाचटणी सगळ्यांनी मिळून जेवतानाच संपवली. एडिटिंग करणाऱ्या श्रीदेवी अक्का म्हणाल्या, असा नवा माणूस रोज यायला पाहिजे.

मी अकरावीत शाळा सोडली, पण संगणकाचे काम हाताने शिकलो आहे. इथे एकच मोठा संगणक आहे, त्याला होस्ट म्हणतात. त्याच्या पोटात तीन आभासी संगणक चालतात. अण्णा त्यांना पाहुणे म्हणतात. प्रत्येक पाहुण्याला एकेक ग्राफिक्स कार्ड कायमचे देऊन टाकले आहे. एकदा दिले की ते होस्टला वापरता येत नाही. तिसरा पाहुणा सारखा बंद पडतो. तो दुरुस्त करणे हे माझे पहिले काम.

१३ एप्रिल
कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, बदलला, सेटिंग बदलल्या, पाहुण्याला जास्त मेमरी दिली. तरी पडदा काळा होतो आणि पाहुणा मरतो. कार्ड मात्र होस्टकडे परत येत नाही. मेलेल्याने मुठीत धरून ठेवावे तसे. वीज पूर्ण काढली की ते सुटते, हे मला माहीत आहे. पण लगीनसराई आहे, बाकीच्या दोघांवर काम चालूच असते. अण्णांनी वीज काढायची नाही म्हणून सांगितले. उद्या जयंती आहे, मला अर्धा दिवस सुट्टी दिली.

१५ एप्रिल
मिरवणूक छान झाली. घरी बाबांना फोन करून आवाज ऐकवला.
आज होस्टवर एक चमत्कारिक गोष्ट दिसली. तिसऱ्या पाहुण्याला काय काय दिले आहे, त्याची यादी उघडली. कार्डाखाली आणखी एक वस्तू होती. तिला नाव नव्हते. मी दिलेली नाही. खोडली. परत आली.
डाव्या करंगळीला मुंग्या येत आहेत. खुर्चीचा हात टोचत असेल.

१८ एप्रिल
आता तीन बोटे. सुई टोचून पाहिली, रक्त आले, दुखले नाही. डॉक्टर म्हणाले शीर दबली आहे, गोळ्या दिल्या. यादीत नाव नसलेल्या वस्तू आता तीन आहेत.
माझ्या आधी कोण होते, असे श्रीदेवी अक्कांना विचारले. तिसरा पाहुणा अनिलकुमार नावाच्या मुलाने बसवला होता. तो कलबुर्गीकडच्या आपल्या गावी परत गेला. कामून गेला विचारले, तर अक्का खाली बघत म्हणाल्या, "हाताला मुंग्या यायल्यात म्हणायचा. मग काई म्हणायचाच न्हाई."

२० एप्रिल
अनिलकुमारच्या घरी फोन लावला. त्याच्या आईने उचलला. भरवले तर खातो, बसवले तर बसतो, नजर मात्र कुठेच नसते, असे तिने सांगितले. फोन त्याच्या कानाला लावा, मी बोलतो, म्हणालो.
ती म्हणाली, "बाळा, तो हितं न्हाई. तुमच्याकडंच हाय. पाठवून द्या की त्याला."
मी फोन ठेवला. तेवढ्यात मेलेला तिसरा पाहुणा आपोआप चालू झाला.

२१ एप्रिल
डावा हात पूर्ण गेला. गरम आहे, नाडी आहे, पण दुसऱ्या कुणाचा तरी मांडीवर ठेवल्यासारखा. जेवताना ताटाच्या काठावर त्याची बोटे टकटक करत होती. मी करत नव्हतो.
त्याच वेळी तिसऱ्या पडद्यावर एका लग्नाची फिल्म कापली जात होती. माउसला कुणी हात लावलेला नव्हता. श्रीदेवी अक्का उभ्या राहून बघत राहिल्या. "हे अनिलचं कटिंग हाय," एवढेच म्हणाल्या. पर्स उचलली आणि निघून गेल्या.

२२ एप्रिल
अण्णांनी वीज काढू दिली नाही. दोन पार्ट्यांची डिलिव्हरी आहे म्हणे.
अक्कम्मा म्हणतात, गाणगापूरला चल. सकाळी मी म्हणालो, आमच्या घरात असले मानत नाहीत. दुपारी जिना उतरताना डावा पाय — पाय आहे की नाही ते कळेना. पडलो.
यादी आता पडद्यात मावत नाही.
अक्कम्मांना म्हणालो, येतो. बाबांना कळवू नका.

२३ एप्रिल
फाटकाजवळ ऑटो थांबला होता. अक्कम्मा आत बसून हाका मारत होत्या. डावा पाय उंबरा ओलांडेना. जिना मात्र भराभर चढला.
मग ठरवले. अण्णा बाहेर होते. मेन स्विच पाडला. बॅटरीच्या वायरी तोडल्या. पंखा थांबला, पडदे काळे झाले. होस्टचा डबा थंड पडेपर्यंत त्यावर उजवा हात ठेवून बसलो. आता सुटेल. अनिल पण सुटेल, मी पण —

डावा हात टेबलावर चालूच आहे. टकटक टकटक.

वीज नाही. डब्यात काही नाही. मग पाहुणा चालतो आहे कशावर —

माझ्यावर.

अक्कम्मा जिना चढत आहेत. त्यांना सांगायला पाहिजे, हात लावू नका म्हणून. तोंड उघडत नाही. लिहून ठेवतो. अक्कम्मा, मला शिवू नका, आधी खाली जा, आणि आईला म्हणावे मी इथेच आहे, उजवी करंगळी आत्ता