फुंकर मॅडमचा ऑनलाइन वर्ग

तीर्थस्वरूप ताई हीस,

खुर्चीत बसूनच वाकून नमस्कार. (पूर्ण वाकलो तर पुन्हा सरळ होईस्तोवर दम लागतो, तेव्हा नमस्काराचा खालचा अर्धा भागही पोचला असं समजावंस.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींची झोप, भाचीची नोकरी, गॅलरीतल्या कुंड्या, सगळं ठीक असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे. खरं सांगायचं तर बाकीचे खुशाल आहेत आणि मला वैताग आलेला आहे. सकाळी अकराला तू फोन केलास की मी कापतो म्हणून तू रागावली आहेस, असं सूनबाई म्हणाली. त्याचा खुलासा करायला फोनवर दम पुरणार नाही, म्हणून हे पत्र.

मी दवाखान्यातून घरी आलो तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, की बेकरीतल्या भट्टीचा धूर आणि मैद्याची धूळ यांनी फुफ्फुसं कायमची दमली आहेत, हा आजार आता जायचा नाही, त्याच्याशी जुळवून घ्यायचं. मी म्हटलं, सवय आहे, संसार केलाय. डॉक्टर हसले नाहीत. सूनबाई हसली, म्हणून असेल कदाचित, त्यांनी टॅबलेट तिच्या हातात दिला. (टॅबलेट म्हणजे गोळी नव्हे. मीही आधी पाणी मागितलं होतं.) त्या टॅबलेटमध्ये एक ॲप आहे आणि म्हातारपणी मला शहाणं करून सोडणं हे त्या ॲपचं काम. आत शिरायला पासवर्ड लागतो आणि त्यात एक मोठं अक्षर हवं असतं. मी चांगला ठसठशीत मोठा 'क' काढला, कागदावर, आणि तो टॅबलेटला दाखवला. सूनबाई स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून आली आणि मग तिनेच काहीतरी टाकलं. तो पासवर्ड काय आहे हे आजही मला कुणी सांगत नाही.

आत गेलं की रोज सकाळी ते विचारतं, आज श्वास कसा आहे? खाली ओळीने चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. श्वास बरा आहे पण तुमचा कंटाळा आलाय, असा चेहरा त्यात ठेवलेलाच नाही. मग मी रडका दाबला, तर दवाखान्यातून नर्सबाईंचा फोन, काका, काय होतंय? म्हटलं, पासवर्ड होतोय. शिवाय हे ॲप चालण्याचं कौतुक करतं. मी न्हाणीघरात जाऊन आलो तरी ते टाळ्या वाजवतं. बरं, माझी श्वासाच्या औषधाचा पंप घ्यायची पद्धतही म्हणे चुकीची! त्यांच्या व्हिडिओतला माणूस पंप हलवतो, श्वास पूर्ण सोडतो, मग हळू आत घेता घेता पंप दाबतो आणि तसाच थांबतो. मी तोंड उघडून डासांवर औषध मारावं तसा मारत होतो. औषध फुफ्फुसात न जाता जिभेवर बसत होतं. माझी जीभ एवढी ठणठणीत का, हे आता तुला कळलं असेल.

पण हे सगळं मी गोड मानून घेतलं असतं. खरा छळ म्हणजे अकराचा वर्ग. माझ्यासारखेच दम लागणारे म्हातारे आपापल्या घरी बसतात, पडद्यावर प्रत्येकाला एक चौकोन मिळतो आणि मधल्या चौकोनात फिजिओथेरपी शिकवणारी एक तरुण मुलगी. तिला मी फुंकर मॅडम म्हणतो, कारण ती दिवसभर एकच गोष्ट शिकवते. नाकाने श्वास घ्या, ओठांचा चंबू करा आणि फुंकर घातल्यासारखा हळूहळू सोडा. आयुष्यभर भट्टी फुंकलेल्या माणसाला ही पोर फुंकर शिकवणार! त्यात तिचं इंटरनेट असं, की 'श्वास आत घ्या' म्हणाली की चित्र गोठायचं. आज्ञाधारक मंडळी श्वास आत घेऊन बसायची आणि एकेक चौकोन लाल होत जायचा. एक विणकामवाल्या बाई आहेत, त्या कधी थांबत नाहीत, ना विणायच्या ना बोलायच्या. आणि एक पंखेवाले. त्यांनी टॅबलेट टेबलावर आडवा ठेवलेला असतो, त्यामुळे आम्हांला त्यांच्या छताचा फक्त पंखा दिसतो. पंख्याकडे बघून मी त्यांना नमस्कार करत असे. त्यांचं तोंड कसं आहे हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता ताई, मागच्या बुधवारचं सांगतो. मॅडम चंबू करून दाखवत होत्या आणि तशाच गोठल्या. सगळे वाट बघत बसलो. तेवढ्यात पंख्याकडून खोकला ऐकू आला. मग काहीतरी धाडकन पडलं. मग छातीतून येते ना ती शिट्टी, आणि तिच्यामधून तुटक तुटक शब्द, "येत नाही… श्वास… येत नाही."

विणकामवाल्या बाईंचे हात प्रथमच थांबले. "अहो मॅडम, बघा ना!" त्या ओरडल्या. मॅडम चंबू करून गोठलेल्या. वर पंखा आपला फिरतोय. मी ओरडायला लागलो, की पुढे वाका, कोपरं टेबलावर टेका! कुणी ढिम्म हलेना. माझा माइक बंद होता. (तो नेहमीच बंद असतो, मी वर्गाबद्दल मत देतो म्हणून सूनबाई तो बंद करून जाते.) माझा आवाज ऐकून ती ओल्या हातांनीच धावत आली, तिने बटण दाबलं, आणि माझ्या वाक्यातला "बहिरे झालात का गाढवांनो" एवढाच भाग सगळ्या वर्गाला ऐकू गेला.

"पंखेवाले," मी म्हटलं, "मी बेकरीवाला बोलतोय. उठू नका. पुढे वाका, कोपरं टेबलावर. पंप कुठाय?"

"खिशात…"

"काढा. हलवा. श्वास सोडा, आता आत घेता घेता दाबा. थांबा. आता चंबू. चहावर फुंकर घालतो तशी. घाई नाही, चहा कुठे पळत नाही."

आणि ताई, मी फुंकर घातली, तसा सगळा वर्ग घालायला लागला. सगळ्या चौकोनांत चंबू. सूनबाईने तोवर आपल्या फोनवरून दवाखाना गाठला होता, पंखेवाल्यांचा पत्ता त्यांच्याकडे होता. रुग्णवाहिका येईपर्यंत मी बोलत राहिलो. काय बोललो आठवत नाही. विणकामवाल्या बाई म्हणतात, मी पाव फुगायची सगळी कृती सांगितली. शिट्टी कधी कमी व्हायची, कधी वाढायची. एकदा ती अजिबात ऐकू येईना तेव्हा मी टॅबलेटला कानच लावला. मग दाराचा आवाज झाला, माणसं आली, कुणीतरी टेबल सरकवलं, टॅबलेट कलंडला आणि आम्हांला पंखेवाल्यांचा चेहरा पहिल्यांदा दिसला. मला वाटलं होतं भारदस्त कुणी असेल. हे आपले लहानखुरे, दाढी वाढलेली, डोळ्यांतून पाणी. त्यांनी हात वर केला. आम्ही सगळ्यांनी केला. मग चौकोन काळा झाला.

आता माझाच दम आवरेना. सूनबाई शेजारी खुर्ची ओढून बसली आणि माझ्याबरोबर चंबू करत राहिली. बऱ्याच वेळाने श्वास जागेवर आला, आणि नेमक्या त्याच क्षणी मॅडमचं चित्र हललं. "…आणि हळूहळू सोडा. छान! जमलं ना सगळ्यांना?"

पंखेवाले आता घरी आले आहेत. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. काल ते वर्गात होते. मॅडमनी आता मागे एक माणूस इंटरनेट सांभाळायला बसवलाय. विणकामवाल्या बाई पुन्हा बोलतायत. तर अकराला मी फोन का कापतो ते कळलं असेल. असल्या वर्गाला कुणी शहाणा माणूस जाणार नाही, एवढंच माझं म्हणणं.

भावोजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा वैतागलेला,
धाकटा

ता. क. फुंकर मॅडमनी मला नव्या तुकडीला पंप कसा घ्यायचा ते शिकवायला सांगितलंय. मी साफ नाही म्हटलं. सोमवारपासून आहे, बाराला, म्हणजे आता त्या वेळेलाही फोन करू नकोस.

आणखी एक. नव्या तुकडीत एक जागा धरून ठेवली आहे. तुझ्या लेकीचा फोन आला होता. तू जिन्यात मधेच थांबतेस, भिंतीकडे बघत उभी राहतेस आणि विचारलं तर रंग उडालाय म्हणतेस. चुलीपुढे धुरात आईबरोबर कोण बसायचं, तूच ना? तुझे गुडघे दुखतात हे मला मान्य आहे, पण गुडघ्यांना धाप लागत नाही. डॉक्टरांकडे नळीत फुंकायची एक तपासणी असते, दुखत नाही. या आठवड्यात जा. लेकीला चुगलखोर म्हणू नकोस, ती रडत होती.

हे वाचून तू भडकशील, ते धरूनच चाललोय. लगेच फोन लाव आणि मला शिव्या घाल, अगदी लहानपणी घालायचीस तशा, एका दमात. तशा जमल्या तर मी कान पकडून माफी मागेन. मधे थांबावं लागलं, तर काही बोलू नकोस. फोन ठेवू नकोस. मी आहे.