पाचशे साठ घोडे

माजलगाव,
दि. १२ नोव्हेंबर २०२४

ती. नाथादादास,
धाकट्या विजूचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नको. सगळे धडधाकट आहोत. आमच्याकडं स्वयंपाक करणाऱ्या बायनाबाईंचं गाव धारूरजवळ आहे, दर पंधरा दिवसांनी त्या घरी जातात. हे पत्र त्या आणतील, उत्तरही त्यांच्याजवळच दे. फोनवर यातलं अवाक्षर काढू नको. उन्हाळ्यात घरच्या हळदीचा एक फोटो विरोधी पार्टीच्या हाती लागला. तेव्हापासून थोरल्या दिरांनी, भाऊसाहेबांनी, आम्हा बायकांचे फोन जाऊबाईंच्या कपाटात ठेवायला लावलेत. बोलायचं तर बैठकीत, सगळ्यांसमोर, स्पीकर लावून. मी तुला नेहमी जेवलास का एवढंच का विचारते, ते आता कळलं असेल.

आता मुद्द्याचं. यांनी कारखान्याच्या निवडणुकीत तिकीट मागितलं होतं. भाऊसाहेबांनी तिकिटाऐवजी गाडी दिली, पुण्याच्या एका बिल्डरनं वापरलेली. काळी, जर्मन, वीस वर्षांची, भल्या थोरल्या इंजिनावर सुपरचार्जर बसवलेला. यांनी ती ठेवून घेतली. पण दसऱ्याला हायवेवर विरोधी पार्टीच्या विठ्ठलरावांच्या मुलानं नव्या गाडीतून यांना मागं टाकलं आणि पुढं जाऊन हात हलवला. तेव्हापासून एकच ध्यास आहे. या गाडीची ताकद वाढवायची, आणि ती बायकोच्या भावानंच वाढवायची.

चार-सहा दिवसांत तुला फोन येईल. मी शेजारी हसत उभी असेन. तू नाही म्हण. सामान मिळत नाही म्हण, हात दुखतो म्हण, काहीही म्हण. हे स्वप्नालीला पुढच्या सीटवर बसवून गाडी पळवतात. सहा वर्षांची पोर. भीती वाटते म्हणून मला सांगते, बापाला सांगत नाही.

आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. वहिनींना नमस्कार. तुम्हाला बघून दीड वर्ष झालं, तेवढ्यानं माया पातळ होऊ देऊ नका.

तुझी,
विजू


धारूर,
दि. २५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. विजूस,
दादाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र हातात पडलं, पण त्याच्या दोन दिवस आदी फोन येऊन गेलता. दाजी म्हणाले, घरचं काम हाय, परक्याच्या हातात द्यायचं न्हाई. मी सामानाचं निमित्त काढत होतो, तेवढ्यात मागून भाऊसाहेबांचा आवाज आला. तुमच्या बहिणीला करून घेताना आमी सुपारीचं खांडसुद्धा मागितलं न्हाई, तेवढं ध्यानात असू द्या, म्हणाले. त्यावर मी काय बोलणार? तुला त्याच घरात राहायचंय. हो म्हणालो. गाडी आता गॅरेजात उभी हाय.

आता खरं सांगतो, रागावू नको. बोनेट उघडलं आणि मी लई दिवसांनी खूश झालो. आण्णा गेल्यावर पुणं सोडून इथं आलो, तेव्हापासून ट्रॅक्टरचे क्लच आणि मोटारसायकलच्या चेन, याच्यापुढं हात गेले न्हाईत. अन् हे इंजिन! सुपरचार्जर म्हणजे बेल्टावर फिरणारा पंपच. इंजिनात हवा कोंबतो. त्याची पुली जराशी लहान बसवली की तो जास्त फिरतो, जास्त हवा जाते, जास्त ताकद येते. पण दाबलेली हवा तापते, म्हणून तिला गार करायला मोठा रेडिएटर आणि नवा पंप लागतो. मग पुण्याचा माझा जुना जोडीदार लॅपटॉपवरून पेट्रोलचं गणित बसवून देईल. आज चारशे पंच्याहत्तर घोड्यांची ताकद हाय. पाचशे साठला जाईल.

काळजी करू नको. ब्रेक आणि टायर बदलल्याशिवाय गाडी गॅरेजातून हलणार न्हाई. हा माझा शब्द.

आईचा गुडघा बरा हाय, तोंड त्याच्याहून बरं हाय. स्वप्नालीचा मुका घे. दादावर राग धरलास तरी पत्र धाडायचं थांबवू नको.

तुझा,
नाथादादा


माजलगाव,
दि. ९ डिसेंबर २०२४

ती. दादास,
विजूचा नमस्कार. राग आहे, तरी सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. इंजिनावर ढीगभर ओळी आणि स्वप्नालीसाठी एक मुका. आण्णाही असेच होते. माझ्या बारशाला ते जीपखाली झोपले होते म्हणून आई अजून सांगते.

पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुझा फोन आला की हे बैठकीतून थेट आमच्या खोलीत येतात. परवा मला विचारत होते, हवा गार कशाला करायची. मी वहीवर चित्र काढून समजावलं. थंड हवा दाट असते, तेवढ्याच जागेत जास्त मावते. हे माझ्याकडं बघतच राहिले. लग्नाला आठ वर्षं झाली, मला काही येतं हे यांना पहिल्यांदाच दिसलं. कितीतरी वेळ बोलत बसलो. या घरात यांना काय स्थान आहे ते तेव्हा कळलं. भाऊसाहेब सांगतील त्या लग्नाला जायचं, सांगतील त्या मयताला जायचं, सभेत मागच्या खुर्चीवर बसायचं. चाळिशी आली तरी पाहुण्यांना ओळख करून देताना हा आमचा धाकटा, एवढंच. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. आणि बरं वाटल्याचा रागही आला.

गाडी बघायच्या निमित्तानं मलाही धारूरला न्या म्हणून मी यांच्यामार्फत विचारून पाहिलं. निवडणूक होऊ द्या, असं उत्तर आलं. इथं सगळं निवडणूक झाल्यावर असतं.

ब्रेकचा शब्द विसरू नको. तेवढ्या एका शब्दावर मी रात्री डोळे मिटते.

सगळ्यांना नमस्कार. रुसले तरी तुझीच,
विजू


धारूर,
दि. २३ डिसेंबर २०२४

चि. सौ. विजूस आशीर्वाद.

कसं लिहावं कळेना, तरी लिहितो. काम झालं. पुली बसली, पंप बसला, लॅपटॉपवरचं गणितबी जमलं. पाचशे साठ. घाटात एक चक्कर मारली तर गाडी अशी उचलली की पहिल्याच वळणाआधी मला पाय काढून घ्यावा लागला. एवढी ताकद जुन्या ब्रेकवर सोडायची न्हाई, हे त्या चकरेतच पक्कं झालं.

पण ब्रेकचं सामान बाहेरून यायचंय, महिना लागतो म्हणतात. मी दाजींना तसं सांगितलं. ते काल चार माणसं घेऊन आले. मी हात जोडले. निदान टायर येईस्तोवर थांबा म्हणालो, पण तेबी ब्रेकच्या सामानासंगंच यायचेत, म्हणून ऐकेनात. हळू चालवतो म्हणाले. मी चावी देईना, तर त्यांच्यातल्या एकानं खिळ्यावरची काढून घेतली. चौकात माणसं जमली होती. मी वाद वाढवला असता तर त्याचं तुझ्यावर आलं असतं, असं मी मनाला समजावलं. पण खरं हे हाय की मी बाजूला झालो. गाडी माझ्या हातानं तयार झाली आणि माझ्यासमोरून गेली.

शब्द राहिला न्हाई. स्वप्नालीला त्या गाडीत बसू देऊ नको. काहीबी कर, ताप आलाय म्हण.

तोंड दाखवायला जागा न्हाई, तरी तुझाच,
नाथादादा


माजलगाव,
दि. १४ जानेवारी २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

आधी एवढंच, की आम्ही तिघंही सुखरूप आहोत. आता बस आणि पुढचं वाच.

शनिवारी सकाळी यांनी मला आणि स्वप्नालीला गाडीत बसवलं. वडवणीच्या पाहुण्यांकडं जायचं होतं. तापाचं निमित्त सांगून झालं होतं, एकदा नाही तीनदा. स्वप्नालीला मागं बसवून मी तिचा पट्टा बांधला, यांच्या शेजारी मी बसले. तेलगाव मागं पडल्यावर रस्ता मोकळा मिळाला. यांनी मला म्हटलं, आता तुझ्या भावाचं काम बघ. आणि पाय दाबला.

दादा, तुझं काम चांगलंच आहे. पाठ सीटला चिकटली. काटा दोनशेच्या पुढं गेला. तेवढ्यात दुभाजकाच्या फटीतून उसाचा ट्रॅक्टर वळला, मागं दोन भरलेल्या ट्रॉल्या. अख्खा रस्ता आडवा. यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबेना, नुसती हंबरत घसरायला लागली. यांचे हात चाकावर तसेच गोठले. मी हात घालून चाक डावीकडं ओढलं. रस्ता सोडून कापसात शिरलो, तेव्हा कुठं ती थांबली. ट्रॉलीची कड यांच्या काचेपासून हातभर होती.

उसावरच्या तोडकरी बायका उतरून धावत आल्या. एकीनं स्वप्नालीला कडेवर घेतलं, पाणी पाजलं. पोरीनं तिचा पदर सोडायला अर्धा तास लावला. माझ्याकडं यायला तयार नव्हती, कारण मी गाडीजवळ उभी होते.

यांची बोटं चाकावरून मी एकेक करून सोडवली. ड्रायव्हरला बोलावते म्हटलं तर यांनी नको म्हणून मान हलवली. भाऊसाहेबांना कळू द्यायचं नव्हतं. मग गाडी मी चालवली. आण्णांनी घाटात जीप शिकवली होती, आणि सोयरीक जमताना आईनं ते कुणाला सांगू नको म्हणून बजावलं होतं. आठ वर्षांत पहिल्यांदा यांना ते कळलं. घर अर्ध्या मैलावर आलं तेव्हा थांब म्हणाले. आम्ही जागा बदलल्या. फाटकातून आत शिरताना चाक यांच्या हातात होतं, आणि बैठकीतल्या लोकांनी गाडीचं कौतुक केलं.

आज संक्रांत. तिळगूळ बायनाबाईंजवळ दिलाय. गोड मानून घे.

तुझी,
विजू


धारूर,
दि. २० जानेवारी २०२५

चि. सौ. विजूस आशीर्वाद.

तिळगूळ खाल्ला न्हाई, देवापुढं ठेवलाय.

पुली मी बसवली, ती दोनशेच्या पुढची ताकद मी भरली. हे डोक्यातून जात न्हाई. आईला काही सांगितलं न्हाई, पण तिनं माझ्या तोंडावरून ओळखलं आणि तीबी जेवली न्हाई.

एकच विचारतो. परत येताना तेलगावच्या फाट्यावर चाक तुझ्या हातात होतं. धारूरकडं कावून वळली न्हाईस? अर्ध्या-पाऊण तासात दारात असतीस. तू म्हण, मी उद्या येतो न्यायला. कोण काय करतंय ते बघू.

वाट बघणारा,
नाथादादा


माजलगाव,
दि. ३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास सा. न. वि. वि.

फाट्यावर मी गाडी हळू केली होती. यांच्याकडं पाहिलं, मागं पोरीकडं पाहिलं. वळले असते तर संध्याकाळी भाऊसाहेबांच्या चार गाड्या तुझ्या दारात लागल्या असत्या. स्वप्नालीला घेऊन गेले असते आणि मी तिथंच राहिले असते. म्हणून तू येऊ नको. एकट्यानं तर नकोच.

इथली गंमत ऐक. हे आता गाडीला हात लावू शकत नाहीत. चाकासमोर बसले की तळहात घामानं गळायला लागतात. पण रोज गाडी काढावी लागते, कारण लोक बघतात. म्हणून आम्ही सकाळी देवदर्शनाला जातो. फाटकापासून अर्धा मैल हे कसेबसे नेतात, मग मी बसते. धरणाच्या रस्त्यानं तास-दीड तास चालवते. सावकाश. स्वप्नाली आता मागच्या सीटवर गाणी म्हणते. परतताना पुन्हा जागा बदलायच्या. या घरात आठ वर्षं मीच कोंडलेली आहे असं मला वाटायचं. आता शेजारी बसून घाम पुसणाऱ्या या माणसाकडं बघितलं की तसं वाटत नाही.

आणि आता खरी अडचण. ज्यांना तिकीट ठरलं होतं ते भगवानराव फुटले, म्हणून भाऊसाहेबांनी अचानक यांचं नाव पुढं केलंय. दहा तारखेला अर्ज भरायचा. तेलगावच्या चौकात लोक जमणार, तिथून माजलगावपर्यंत मिरवणूक. पुढं काळी गाडी, चाकावर उमेदवार. भाऊसाहेबांनीच ठरवलंय. ज्याच्यासाठी हे इतकी वर्षं थांबले ते दारात आलं, आणि यांना रात्रभर उलट्या होतायत. खरं सांगून टाका म्हणून मी पाया पडले. भाऊसाहेबांसमोर तोंड उघडत नाही, म्हणाले.

दहा तारखेला काय होईल ते मला माहीत नाही. आईला म्हणावं, देवापुढं आमच्या तिघांचं नाव घे. तिघांचं.

तुझी,
विजू


धारूर,
दि. ११ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप भाऊसाहेबांस,
धाकट्या अमरसिंहचा शि. सा. दंडवत.

काल तेलगावच्या चौकात लोकांनी जे पाहिलं ते खरं आहे. गाडी विजयमाला चालवत होती, मी शेजारी होतो, स्वप्नाली मागं.

मी फोन बंद ठेवला आहे. तुमचा आवाज ऐकला की मी हो म्हणतो, म्हणून लिहितो. जानेवारीत माझ्या हातून बायको आणि मुलगी मरता मरता वाचल्या. ट्रॅक्टर आडवा आला, ब्रेक लागेना, आणि माझे हात गोठले. विजयमालानं चाक ओढलं. तेव्हापासून मला गाडी चालवता येत नाही. महिनाभर ती चालवत होती आणि मी फाटकाच्या अलीकडं जागा बदलून तुमच्यासमोर उतरत होतो. नाथानं ब्रेकशिवाय गाडी द्यायची नाही म्हणून हात जोडले होते. माणसं घेऊन चावी काढून आणणारा मी होतो. त्याला बोल लावू नये.

काल चौकाच्या अलीकडं तिनं गाडी थांबवली. आता तुम्ही बसा म्हणाली. मी दार उघडलं, पाय खाली ठेवला आणि पुन्हा आत घेतला. हलगीचा आवाज येत होता.  मग तिनं विचारलं, माजलगाव की धारूर. मला आजपर्यंत असं कुणी विचारलं नव्हतं. मी धारूर म्हणालो. हार घेतलेली माणसं काचेपर्यंत आली, आत कोण कुठं बसलंय ते त्यांनी पाहिलं, आणि बाजूला झाली. ती हॉर्नसुद्धा न वाजवता मधून वळली.

तुमची मान खाली गेली, याची मला जाणीव आहे. अर्जाची वेळ टळली. हजार माणसं माझ्यासाठी उन्हात उभी होती, त्याची माफी मी गावोगाव जाऊन मागेन, पण उमेदवार म्हणून नाही. गाडी तुमची आहे, नाथा जुनी पुली आणि नवे ब्रेक बसवून पोचती करेल. आम्ही इथंच राहतो. घर बघतोय.

दोनच गोष्टी मागतो. विजयमालाचा फोन वहिनीसाहेबांच्या कपाटात आहे तो, आणि स्वप्नालीच्या शाळेचा दाखला. दोन्ही बायनाबाईंजवळ द्यावं. गाड्या पाठवू नये. पाठवल्यात तर दारात मी उभा असेन. यावेळी बाजूला होणार नाही.

राग उतरला तर एकटे या. नाथाच्या घरी जेवण साधं असतं, पण कुणी कुणाच्या मागच्या खुर्चीवर बसत नाही.

आपला धाकटा,
अमरसिंह